वंगण आणि मी

ठासणीच्या बंदुकीचा बार एका क्षणात उडतो. त्याला लागणारं वंगण मात्र माझ्या घरात महिनाभर शिजतंय.

बंदुकीची काळी दारू जळते खरी, पण तिचा निम्म्याहून जास्त भाग धुरात नाहीतर नळीत काजळी होऊन बसतो. चार-पाच बार काढले की पुढची गोळी गजाने ठासताना माझ्या छातीचा भाता होतो. खनिज तेल वापरलं तर त्या काजळीचं डांबर होतं. म्हणून गोळीभोवतीच्या चिंधीला मधमाशीचं मेण आणि वनस्पती तेल लावायचं. एक भाग मेण, तीन भाग तेल. बस्स, एवढंच!

मेण 63 अंशांच्या आसपास वितळतं, पण थेट आचेवर ठेवायचं नाही. पेटलं तर पाण्याने विझत नाही, उलट भडकतं. म्हणून मोठ्या पातेल्यात पाणी आणि त्यात छोटं पातेलं. हे सगळं मी शहाण्यासारखं केलं. फक्त छोटं पातेलं दुधाचं घेतलं. ते पातेलं आता माझ्या नावावर झालं आहे.

पहिला घाणा दगड निघाला. वात घातली असती तर मेणबत्ती म्हणून खपला असता. दुसऱ्या वेळी सढळ हाताने तेल ओतलं, तर भर उन्हात खिशातल्या डबीतून ते पँटमध्ये उतरलं. उन्हाळ्यात मेण वाढवायचं आणि थंडीत तेल, हे मला पँट धुताना कळलं. (पँट अजून धुतोच आहे.)

उरलेलं मी सिंकमध्ये ओतलं आणि वर गरम पाणी सोडलं. मेण निमूटपणे पुढे गेलं आणि पाइपच्या वळणावर पुन्हा गोठलं. प्लंबरने ते अख्खं बाहेर काढलं आणि विचारलं, "साहेब, हे काय बनवताय?" मी म्हटलं, "बंदुकीसाठी आहे." त्यानंतर त्याने पैशांची घासाघीस केली नाही.

1857 च्या जानेवारीत, एन्फिल्डच्या काडतुसांवरच्या चरबीची कुजबुज वाढल्यावर, शिपायांनी आपापल्या पसंतीचं वंगण स्वतः लावावं अशी मुभा सरकारने दिली होती. तरीही भडका उडालाच. इतिहासकार कारणं बरीच देतात, पण स्वतः वंगण करायला बसवलं की माणूस भडकतो, हे त्यांच्या यादीत दिसत नाही.

तिसऱ्या घाण्याला मात्र थेंब आधी थंड चमच्यावर टाकून बोटाने चोळून पाहिला. लोण्यासारखा पसरला. डबी भरून मी ऐटीत टेबलावर ठेवली.

"यात दारू नाही ना?" बायकोने विचारलं.

"छे! दारू वेगळी, वंगण वेगळं. यात नुसतं मेण आणि तेल."

रविवारी बंदूक काढली, तर डबीचा तळ दिसत होता.

"टाचांच्या भेगा काय भरल्यात म्हणून सांगू!" ती म्हणाली. "आईलाही थोडं दिलं. आणखी कर ना. तुझं पातेलं आहेच."