रूळ रिकामे दिसतात, म्हणून ते मोकळे नसतात

मालवाहतुकीची चर्चा निघाली की एक मजकूर हमखास फिरू लागतो. शब्द बदलतात, गाभा तोच राहतो: 'कुठल्याही फाटकावर उभे राहून बघा, कितीतरी वेळ एकही गाडी जात नाही. रूळ रिकामे पडून आहेत. एक मालगाडी चाळीस ट्रकांचा माल नेते. मग ट्रक रस्त्यावरून हटवायला अडचण कसली? गाड्या वाढवा, डबे जोडा, फार तर मालगाड्यांसाठी वेगळा मार्ग टाका. पुढे मागणी वाढेल तशी क्षमताही वाढवता येईल.'

हेतूबद्दल वाद नाही. चाळीस ट्रकांचा आकडाही फारसा चुकीचा नाही. 740 मीटर लांबीच्या गाडीत साधारण 35 ते 40 ट्रकांचा माल बसतो. लांबचा पल्ला रेल्वेने आणि दोन्ही टोकांचे थोडे अंतर ट्रकने, ही रस्ता-रेल्वे संयुक्त वाहतूक वाढलीच पाहिजे, असे माझेही ठाम मत आहे. या मजकुराची मला काळजी वाटते ती त्यामुळेच. तो खरा मानला तर लूप लाईन (गाडी बाजूला घेऊन मागच्या गाडीला वाट द्यायचा रूळ), टर्मिनल (ट्रक आणि गाडी यांच्यात माल हलवायचे ठिकाण), वळणमार्ग यांवर पैसा घालायचे कारणच उरत नाही. मग गाड्या वाढतात, उशिरा धावतात, आणि माल पाठवणारा वैतागून पुन्हा ट्रककडे वळतो. एकदा गेलेला असा ग्राहक परत आणणे फार कठीण जाते.

'रूळ रिकामे आहेत'

फाटकावरून दिसते ते खरेच असते, फक्त त्याचा अर्थ वेगळा असतो. हिशेबासाठी 60 किलोमीटरचा एक टप्पा घेऊ. मध्ये कुठेही गाडी बाजूला घ्यायची सोय नाही. प्रवासी गाडी ताशी 120 किलोमीटर वेगाने तो 30 मिनिटांत पार करते, मालगाडी ताशी 80 ने 45 मिनिटांत. सिग्नलच्या रचनेमुळे दोन गाड्यांत किमान 4 मिनिटांचे अंतर लागते.

सगळ्या गाड्या एकाच वेगाच्या असत्या तर दर 4 मिनिटांना एक, म्हणजे तासाला 15 गाड्या निघाल्या असत्या. आता एक मालगाडी, एक प्रवासी गाडी अशी आलटून पालटून सोडू. मालगाडी 10 वाजता निघाली, ती 10:45 ला पोहोचणार. मागची प्रवासी गाडी 10:49 च्या आधी तिथे पोहोचता कामा नये, म्हणजे तिला 10:19 च्या आधी सोडता येत नाही. त्यानंतरची मालगाडी 10:23 ला. 23 मिनिटांत दोन गाड्या, तासाला जेमतेम पाच. पंधरावरून पाचावर!

मालगाडी गेल्यावर त्या टप्प्याच्या सुरुवातीच्या फाटकावर उभा असलेला माणूस 19 मिनिटे मोकळे रूळ बघतो. ती 19 मिनिटे वापरलेलीच असतात. पुढे धावणाऱ्या मालगाडीच्या वेगाने ती खाल्लेली असतात.

तीन मालगाड्या आणि मागोमाग तीन प्रवासी गाड्या असे जथे केले, तर त्याच टप्प्यावर 39 मिनिटांत सहा गाड्या जातात, तासाला नऊच्या वर. मात्र त्यासाठी कुणाला तरी आपल्या पाळीची वाट बघत यार्डात थांबावे लागते, आणि थांबायला यार्डात रूळ लागतात. टप्प्याच्या मध्यावर लूप टाकली तरी फायदा होतो, पण मग मालगाडी थांबते, पुन्हा वेग घेते आणि तिचा प्रवास लांबतो. क्षमता वाढवायचे प्रत्येक साधन कुठे ना कुठे वेळ मागते किंवा जागा मागते.

आंतरराष्ट्रीय रेल्वे संघटनेची, म्हणजे यूआयसीची, क्षमता मोजण्याची 406 क्रमांकाची पद्धत याच तत्त्वावर चालते. वेळापत्रकातल्या गाड्या कागदावर एकमेकींना चिकटतील इतक्या जवळ आणायच्या आणि रूळ किती वेळ अडकतात ते बघायचे. मिश्र वाहतुकीच्या मार्गासाठी तिची शिफारस आहे की हा वापर गर्दीच्या तासात 75 टक्क्यांवर आणि पूर्ण दिवसात 60 टक्क्यांवर जाऊ नये. उरलेला वेळ उशीर पचवण्यासाठी राखायचा असतो. तो भरून टाकला की सकाळी एका गाडीला झालेला दहा मिनिटांचा उशीर संध्याकाळपर्यंत सगळ्या मार्गावर पसरतो.

'दिवसभरात कधीतरी जागा सापडतेच'

माझ्या मते मूळ मजकुरातली सगळ्यात मोठी गफलत ही आहे. कोळसा किंवा खनिज नेणाऱ्या गाडीला दुपारी दोनची वेळ मिळाली काय आणि पहाटे चारची, फार बिघडत नाही. संयुक्त वाहतुकीचे तसे नाही. कारखाना आणि गोदाम दिवसभर माल तयार करतात, ट्रक दुपारनंतर टर्मिनलवर कंटेनर किंवा ट्रेलर (ट्रकच्या इंजिनामागे जोडलेला, सुटा होणारा मालाचा भाग) आणून सोडतो, संध्याकाळी गाडी सुटते, रात्रभर धावते आणि सकाळी दुसऱ्या टोकाला पोहोचते. तिथे ट्रक उभे असतात आणि माल त्याच दिवशी दारात जातो. पाचसहाशे किलोमीटरच्या पल्ल्यावर ट्रकशी टक्कर द्यायची तर हेच गणित जमावे लागते. त्या गाडीला सकाळी 11 चा मोकळा पाथ, म्हणजे वेळापत्रकात रुळांवर राखलेली जागा, देऊन उपयोग नाही. माल एक दिवस उशिरा पोहोचतो आणि ग्राहकाच्या दृष्टीने सेवा मोडते.

म्हणजे मागणी संध्याकाळच्या आणि पहाटेच्या काही तासांत एकवटते. संध्याकाळी त्याच रुळांवर घरी परतणाऱ्यांच्या लोकल असतात, पहाटे कामावर निघालेल्यांच्या. उरते ती रात्र. पण रूळ बदलणे, खडी सारखी करणे, ओव्हरहेड वायर तपासणे ही कामेही रात्रीच होतात, कारण तेव्हा प्रवासी कमी असतात. मालगाडी आणि देखभालीचा ब्लॉक या दोघांनाही तेच तास हवे असतात. नियोजनाच्या टेबलावर हा झगडा आधीच सोडवला नाही, तर तो रोज रात्री कंट्रोल रूममध्ये सुटतो, आणि तिथे बहुधा मालगाडीच मागे पडते.

टर्मिनलवरही हीच कोंडी. एका गाडीवरून 40 नग उतरवायचे आणि 40 चढवायचे, म्हणजे क्रेनच्या 80 उचली. तासाला 20 ते 25 उचली धरल्या तर एका क्रेनचे सव्वातीन ते चार तास त्यातच जातात. सकाळी सहा ते आठच्या दरम्यान तीन गाड्या लागोपाठ आल्या तर दोन क्रेन कमी पडतात, आणि दुपारी त्याच क्रेन उभ्या असतात. दिवसाची सरासरी काढली तर टर्मिनल अर्धे रिकामे वाटेल. सकाळच्या पाळीत मात्र फाटकाबाहेर ट्रकांची रांग असेल. बरेचसे सेमीट्रेलर (पुढचा भार ट्रकच्या इंजिनावर टेकणारे ट्रेलर) तर क्रेनने उचलता येतील असे बनवलेलेच नसतात. त्यांच्यासाठी वेगळ्या वाघिणी (मालडबे) लागतात किंवा वेगळी चढवण्याची व्यवस्था. रुळांवर एक नवा पाथ मिळवायचा आणि त्या गाडीला टर्मिनलमध्ये रिकामा रूळच नाही, असे होऊ द्यायचे नसेल तर दोन्हींचे नियोजन एकाच कागदावर व्हायला हवे. ते फार थोड्या ठिकाणी होते, कारण मार्ग एका संस्थेच्या हातात असतो आणि टर्मिनल दुसऱ्याच कुणाच्या.

'डबे जोडा'

यात तथ्य आहे. 600 मीटरची गाडी 740 ची केली तर नवा पाथ न घेता जवळपास पावपट माल जास्त जातो. युरोपीय संघाने आपल्या मुख्य जाळ्यासाठी 2030 पर्यंत 740 मीटरच्या मालगाड्या चालतील अशी सोय करण्याचे उद्दिष्ट त्यासाठीच ठेवले. पण गाडीची लांबी ठरते ती मार्गावरच्या सगळ्यात आखूड लूपवरून. मागून येणाऱ्या जलद गाडीला वाट द्यायची तर पूर्ण मालगाडी लूपमध्ये मावली पाहिजे. शेपूट बाहेर राहिले तर मुख्य मार्ग अडतो. हजार किलोमीटरच्या वाटेवर योग्य जागच्या दोन-तीन लूप आखूड असल्या तरी गाडी आखूडच न्यावी लागते.

उंचीचेही असेच आहे. भारतातल्या पश्चिम समर्पित मालवाहतूक मार्गावर विजेच्या इंजिनाने, एकावर एक दोन कंटेनर ठेवून गाड्या धावतात. जानेवारी 2021 मध्ये अशी दीड किलोमीटर लांबीची गाडी तिथे धावली. हे शक्य झाले कारण तिथली वायर मुळात 7.57 मीटर उंचीवर धरूनच मार्ग आखला होता. तीच गाडी नेहमीच्या उंचीची वायर असलेल्या मार्गावर वळवता येत नाही.

'मालगाड्यांसाठी वेगळा मार्ग टाका, प्रश्न मिटला'

नेदरलँड्सने तो टाकला. रॉटरडॅम बंदरापासून जर्मनीच्या सीमेपर्यंत 160 किलोमीटरचा फक्त मालगाड्यांचा बेतूवे मार्ग 2007 मध्ये सुरू झाला. सीमेपलीकडे एमेरिख ते ओबरहाऊझेन या टप्प्यावर तिसरा रूळ टाकायचे मात्र रेंगाळत राहिले. अलीकडे मोकळा मालमार्ग, पलीकडे प्रवासी गाड्यांच्या गर्दीत शिरणारा जोडमार्ग.

स्वित्झर्लंडने तर 57 किलोमीटरचा आल्प्सखालून जाणारा गोट्टहार्ड तळबोगदा खोदला आणि 2016 मध्ये तो उघडला. जुना मार्ग चढत चढत समुद्रसपाटीपासून 1,150 मीटरच्या आसपास जायचा. नवा 550 मीटरवरच राहतो, म्हणून जड गाड्यांना जास्तीची इंजिने लावायची गरज घटली. उत्तरेकडून त्या बोगद्याकडे येणारा जर्मनीतला कार्ल्सरूहं ते बाझेल मार्ग चार रुळांचा करायचे ठरले होते, तशी दोन्ही देशांत 1996 मध्ये बोलणीही पक्की झाली होती. तो अजून सगळा चार रुळांचा झालेला नाही. जगातल्या सगळ्यात लांब रेल्वे बोगद्याची क्षमता शेवटी त्याच्या दारापर्यंत किती गाड्या पोहोचतात यावर ठरते.

तरीही स्वित्झर्लंडचे उदाहरण निराशेचे नाही. आल्प्स ओलांडणारे ट्रक 2000 साली तिथे 14 लाख होते. बोगदा उघडल्यानंतरच्या वर्षांत ते 9 लाखांच्या आसपास आले, आणि आल्प्सपार जाणाऱ्या मालातला सुमारे 70 टक्के वाटा रेल्वेचा आहे. कायद्यातले साडेसहा लाखांचे उद्दिष्ट मात्र हुकले. अवजड वाहनांवरचा कर, बोगदे, अनुदान असे सगळे एकत्र करूनही हे अंतर उरते, तेव्हा 'गाड्या वाढवा, झाले' या सल्ल्याची मर्यादा लक्षात यावी.

'मागणी वाढेल तशी क्षमता वाढवू'

ट्रकच्या धंद्यात हे चालते. महिन्याभरात चार ट्रक भाड्याने घेता येतात. रेल्वेत लूप लांबवायला वर्षे लागतात, नवा मार्ग टाकायला दशके. युरोपात वार्षिक वेळापत्रक डिसेंबरमध्ये बदलते आणि त्यासाठीची मागणी कित्येक महिने आधी नोंदवावी लागते. माल पाठवणाऱ्याला तर पुढच्या महिन्यात काय जाईल तेही नक्की सांगता येत नाही. म्हणून 2010 च्या युरोपीय नियमाने मालवाहतूक कॉरिडॉरवर आधीच आखलेले पाथ बाजूला ठेवण्याची पद्धत आणली. कुणी मागण्याआधीच चांगल्या वेळेचे, सीमेवर न तुटणारे पाथ राखायचे. मागणी दिसल्यावर शोधायला गेलो तर ते तास प्रवासी गाड्यांनी घेतलेले असतात, आणि सुरू झालेली लोकल बंद करायची हिंमत कुठलाच मंत्री करत नाही.

शिवाय क्षमता म्हणजे फक्त सगळे सुरळीत चालू असतानाची क्षमता नव्हे. 12 ऑगस्ट 2017 रोजी जर्मनीत राष्टाट येथे नव्या बोगद्याचे काम चालू असताना वरचे चालू रूळ खचले. उत्तर समुद्राची बंदरे आणि इटली यांना जोडणारा मुख्य मार्ग 2 ऑक्टोबरपर्यंत बंद राहिला. पर्यायी मार्ग नकाशावर होते. त्यातल्या काहींवर त्याच वेळी काम चालू होते, काहींवर उंच ट्रेलर बसत नव्हते, आणि फ्रान्समधून जायचे तर फ्रेंच येणारे लोको पायलट पुरेसे नव्हते. सात आठवडे माल रस्त्यावर आणि नदीवर गेला. 10 ऑगस्ट 2023 रोजी गोट्टहार्डमध्ये मालगाडीचे चाक फुटून ती घसरली आणि बोगदा पूर्ण क्षमतेने सुरू व्हायला सप्टेंबर 2024 उजाडला.

जर्मनीतल्या फ्रायबुर्गपासून इटलीतल्या नोव्हारापर्यंत, आख्खे ट्रक गाडीवर चढवून आल्प्सपार नेणारी सेवा 2028 पर्यंत चालवायची ठरले होते. मार्गावरच्या कामांमुळे गाड्या वारंवार रद्द होऊ लागल्या, पैशाचा मेळ बसेना, आणि ती 2025 अखेर बंद करण्याचा निर्णय झाला. गाडीत बसणारे ट्रक होते, चालवणारे होते, सरकारी मदत होती. भरवशाचे पाथ नव्हते.

आधीपासून नियोजन केले की काय होते, हेही त्याच वाटेवर दिसते. चार मीटर उंचीचे सेमीट्रेलर गोट्टहार्डच्या पूर्ण मार्गावरून जाऊ शकत नव्हते. अडथळा तळबोगद्यात नव्हता. त्याच्या अलीकडच्या-पलीकडच्या जुन्या बोगद्यांत, फलाटांच्या छपरांत, सिग्नलच्या खांबांत होता. स्विस संसदेने 2013 मध्ये यासाठी 99 कोटी फ्रँक मंजूर केले. बाझेलकडून येणाऱ्या वाटेवरच्या ब्योत्सबर्गला जुन्या बोगद्याशेजारी पावणेतीन किलोमीटरचा नवा बोगदा खोदला. इटलीच्या हद्दीतल्या जोडमार्गांच्या कामालाही स्वित्झर्लंडने पैसे दिले, कारण ते झाले नसते तर स्वतःच्या हद्दीतला सगळा खर्च वाया गेला असता. 2020 च्या डिसेंबरमध्ये गोट्टहार्डच्या दक्षिणेचा, त्याच वाटेवरचा चेनेरी बोगदा नव्या वेळापत्रकात आला आणि त्याबरोबर चार मीटरचे ट्रेलर या वाटेने बाझेलपासून उत्तर इटलीपर्यंत जाऊ लागले.