सर्व्हरला नाव देणं ही नुसती हौस नाही हो

सध्या एक मेसेज सगळीकडे फिरतोय: सर्व्हरला गोड नावं देणं म्हणजे पोरखेळ, आयपी (नेटवर्कवरचा आकडी पत्ता) नाहीतर कोड पुरे, नावामुळे हॅकरचं फावतं आणि नंतर नाव बदललं की सगळं बंद पडतं. नवीन पोरं हे खरं धरून चालतायत, म्हणून लिहितोय.

आयपी पुरे? अहो, राऊटर बदलला, ऑफिस हललं की आयपी बदलतो, मग कुठल्या स्क्रिप्टमध्ये, कुठल्या स्कॅनरमध्ये जुना आकडा टाकलाय ते शोधत बसायचं. अर्पानेटवर, म्हणजे इंटरनेटच्या आधीच्या नेटवर्कवर, डीएनएस (नावावरून आयपी शोधून देणारी यंत्रणा) यायच्या आधीसुद्धा नावं आणि त्यांचे पत्ते यांची एक होस्ट्स फाईल एसआरआय या अमेरिकेतल्या संशोधन संस्थेत ठेवायचे आणि बाकीचे ती उतरवून घ्यायचे. नेटवर्क एवढंसं होतं तेव्हाही माणसांना नुसत्या आकड्यांवर भागवता आलं नाही.

कोडचं म्हणाल, तर हजारो मशीन आपोआप बनतात नि पुसली जातात तिथे कोडच बरोबर, मान्य. पण दहा-बारा सर्व्हरच्या ऑफिसात रात्री दोन वाजता फोनवर 'एसआरव्ही ०१ रिस्टार्ट कर' सांगायचं आणि समोरच्याने १० ऐकायचं, हे परवडणार आहे का? 'राजगड' आणि 'तोरणा' असा घोळ होत नाही. १९९० च्या आरएफसी ११७८ मध्ये (आरएफसी म्हणजे इंटरनेटवाल्यांची क्रमांक दिलेली टिपणं) हेच सांगितलंय, एखादी थीम धरा, खरे शब्द वापरा, आणि मशीनच्या कामावरून नाव ठेवू नका कारण काम बदलतं.

हॅकरचं म्हणणं मला अजिबात पटत नाही. २५४ पत्त्यांचं नेटवर्क स्कॅन करायला काही मिनिटं पुरतात, नाव असो नसो. हां, बाहेरून दिसणाऱ्या नावात 'पगार-बॅकअप' किंवा व्हर्जन नंबर नको, एवढं खरं.

राहिला शेवटचा मुद्दा, तो अर्धा खरा आहे. लिनक्सवर होस्टनेम (मशीनचं स्वतःचं नाव) बदललं आणि त्याच मशीनवरच्या होस्ट्स फाईलमध्ये जुनंच राहिलं, की सुडो (अ‍ॅडमिनच्या अधिकाराने कमांड चालवायचं साधन) कुरकुर करायला लागतं. पण मूळ नावाला हात लावायला सांगितलंय कोणी? ते राहू दे, डीएनएसमध्ये एक सीनेम (म्हणजे टोपणनाव) टाका, लोक 'फाईल्स' म्हणतील आणि आत 'राजगड' असेल, उद्या मशीन बदललं तर फक्त सीनेम फिरवायचा, कोणाला पत्ताही लागत नाही. एचटीटीपीएस असेल तर सर्टिफिकेटमध्ये नवं नाव घाला, नाहीतर ब्राउझर वॉर्निंग देतो. अंडरस्कोर टाळा, विंडोज असेल तर पंधरा अक्षरांत बसवा, आणि शेवटी डॉट लोकल लावू नका, ते एमडीएनएससाठी (डीएनएस सर्व्हरशिवाय ऑफिसच्या नेटवर्कमध्येच नावं शोधायची पद्धत) राखीव आहे.