पुढे झुकायचं की मागे रेलायचं? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. उभ्याने रायफल चालवताना भार चवड्यांवर घेऊन पुढे झुका, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुम्ही म्हणता की आपला स्वप्नील कुसाळे पॅरिस ऑलिम्पिकला मागे रेलून, कोपर कंबरेला टेकवून उभा राहिला आणि कांस्यपदक घेऊन आला. मग नवख्या पोरांना हे भलतंच का शिकवताय?

स्वप्नीलबद्दल तुम्ही लिहिलंत ते शंभर टक्के खरं. १ ऑगस्ट २०२४ ला इथे टेक्सासात पहाटे उठून मी ती फायनल पाहिली, आणि कांबळवाडीच्या पोराचं नाव तिसऱ्या जागी दिसल्यावर डोळे भरून आले. पण त्याच्यापुढचं काम काय होतं ते बघा. ५० मीटरवर दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलीमीटरचं, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढं. रायफल नियमाने आठ किलोपर्यंत चालते. तिच्या पॉइंट टू टू (.२२) गोळीची ऊर्जा साधारण १४० ज्यूल, त्यामुळे धक्का जवळजवळ नाहीच. पात्रता फेरीत ६० गोळ्यांना ९० मिनिटं. तिथे शत्रू एकच, शरीराची थरथर. स्नायू थकतो, हाड थकत नाही. म्हणून कंबर लक्ष्याकडे ढकलायची, डावं कोपर कंबरेच्या हाडावर टेकवायचं आणि वरचं धड मागे न्यायचं. मग रायफलचं वजन हाडांवरून थेट तळपायात उतरतं, आणि ताठ जाकीट पाठीला आधार देतं.

माझा लेख प्रॅक्टिकल रायफलवर होता, म्हणजे नेमाबरोबर वेगही मोजणाऱ्या स्पर्धांवर. तिथे साडेतीन-चार किलोची रायफल, .२२३ ची गोळी, ऊर्जा सुमारे १,७०० ज्यूल. एकेका कागदी लक्ष्यावर बहुधा दोन गोळ्या, मग लगेच पुढचं लक्ष्य, आणि मिळालेल्या गुणांना लागलेल्या सेकंदांनी भागतात. गेल्या वर्षी आमच्या रेंजवर एक मुलगा आला. एअर रायफलवर त्याची चांगली चार वर्षं गेलेली. सवयीने मागे रेलला. पहिली गोळी मधोमध. धक्क्याने खांदा मागे गेला, भार टाचांवर आला, नळी वर उडाली आणि दुसरी गोळी कागदाच्या वरून निघून गेली. त्याला फक्त एवढंच सांगितलं: डावा पाय अर्धं पाऊल पुढे, गुडघे किंचित सैल, छाती लक्ष्याकडे, नाक पायाच्या बोटांच्या वर, दस्ता मानेजवळ घट्ट. त्यानंतर नळी उडाली तरी होती तिथेच परत येऊ लागली. मुलगा तोच, रायफलही तीच.

मात्र तुमचा एक मुद्दा मला बोचला, आणि बरोबर बोचला. कुठल्या प्रकारासाठी लिहितोय हे मी लेखाच्या सुरुवातीला सांगायला हवं होतं. बालेवाडीला किंवा कोल्हापुरात एअर रायफल शिकणाऱ्या पोरीने माझा लेख वाचून पवित्रा बदलला तर तिचं नुकसान होईल, आणि ते माझ्यामुळे. आज रात्रीच पहिल्या ओळीत दुरुस्ती टाकतो.

आणखी एक गोष्ट राहून गेली होती, ती दोन्ही प्रकारांना लागू आहे. रिकामी रायफल (चेंबर, म्हणजे गोळी बसते ती जागा, स्वतः उघडून बघूनच) खांद्याला लावा, नेम धरा, डोळे मिटा, दोन श्वास घ्या आणि डोळे उघडा. नेम डावीकडे सरकलेला दिसला तर हातांनी ओढून आणू नका, पाय हलवा. हाताने ओढलेला नेम ट्रिगर दाबताच परत जातो. तुमच्या एनसीसीच्या उस्तादांनी लेटून फायर करताना हेच करून घेतलं असणार: कोपर जागेवर ठेवायचं आणि पोटाखालचं अंग सरकवायचं.

तुमच्या मुलांना तुम्ही शिकवता तोच पवित्रा शिकवत राहा, सर. त्यांच्या रायफलला तोच लागतो.