बालआवृत्तीतून झुरी कुठे जातो?

पालकांच्या ग्रुपवर परवा पुन्हा तोच वाद रंगला: मुलांना अभिजात पुस्तकांच्या संक्षिप्त आवृत्त्या द्यायच्या की नाही. एका ताईंचं म्हणणं, मूल मोठं होईपर्यंत थांबा, नाहीतर गोष्ट आधीच कळते आणि मूळ पुस्तकाला पुढे कुणी हात लावत नाही.

मला हे अजिबात पटत नाही. आपल्यातल्या किती जणांनी वाल्मीकी मुळातून वाचलाय? मराठी घरांत रामायण शिरलं ते गदिमांच्या ५६ गीतांमधून. खुद्द वाल्मीकी रामायणाच्या पहिल्याच सर्गात नारदमुनी अख्खी कथा शंभरेक श्लोकांत उरकतात. महाभारताच्या वनपर्वात मार्कंडेय ऋषी युधिष्ठिराला रामाची गोष्ट थोडक्यात ऐकवतात. रामायणाचं त्यानं काय बिघडलं?

तेव्हा लांबी कापायला माझी ना नाही. 'मोबी डिक'मधलं देवमाशांच्या जातींचं प्रकरण खुशाल गाळा. 'ले मिझराब्ल'मधली वॉटर्लूची लढाईसुद्धा (ती मोठ्यांनाही जड जाते, उगाच कशाला लपवा).

माझं भांडण दुसऱ्याच कापाकापीशी आहे. १७१९ सालचा 'रॉबिन्सन क्रूसो' घ्या. मुलांच्या पुस्तकांत बहुतेकदा वादळ येतं, जहाज फुटतं, बिचारा क्रूसो बेटावर अडकतो. पण तो निघाला होता कुठे? ब्राझीलमधल्या मळ्यांसाठी आफ्रिकेतून गुलाम आणायला! त्याआधी तो स्वतः मोरोक्कोच्या साली बंदरात एका मूर (उत्तर आफ्रिकेतल्या मुसलमान) मालकाचा गुलाम होता. तिथून पळाला तेव्हा सोबत झुरी नावाचा पोरगा होता. जीव धोक्यात घालून त्यानं क्रूसोला साथ दिली. पुढे एका पोर्तुगीज कप्तानानं दोघांना जहाजावर घेतलं, आणि क्रूसोनं याच झुरीला साठ चांदीच्या नाण्यांना कप्तानाच्या हवाली केलं. मळ्यावर कामाला माणूस कमी पडायला लागल्यावर मग वाटलं, झुरीला द्यायला नको होतं.

हे सगळं मिळून दोन-तीन पानांत बसतं. तरी आधी तेच उडतं. मग फ्रायडे येतो, म्हणजे क्रूसोनं बेटावर वाचवलेला तरुण, आणि क्रूसो त्याला स्वतःचं नाव न सांगता 'मालक' म्हणायला शिकवतो, तेव्हा मुलाला त्यात काही खटकत नाही. झुरी वाचलेलं मूल तिथे थांबतं आणि विचारतं, 'हा यालापण विकणार का?' नऊ वर्षांच्या मुलाला हा प्रश्न झेपतो. आपल्यालाच उत्तर द्यायचा कंटाळा असतो.

गलिव्हरचीही तीच गत. चार सफरींपैकी मुलांपर्यंत पोचतात जेमतेम दोन, अनेकदा एकटं लिलिपुट, बोटभर माणसांचा देश. राणीच्या महालाला लागलेली आग तो मुतून विझवतो, हा प्रसंग तर बऱ्याच आवृत्त्यांत नसतोच. अहो, मुलं लोळून हसतील यावर! आणि राणीला त्याची इतकी किळस येते की महाल वाचवल्याचे आभार राहिले बाजूला, ती सूडाच्या गोष्टी करते. राज्यकर्त्यांच्या कृतज्ञतेबद्दल गलिव्हर लिहिणाऱ्या स्विफ्टला जे म्हणायचं होतं ते त्या मुतण्यातच आहे.

संक्षेप करणाराही लेखकच लागतो. भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्न मराठी पोरांच्या हाती दिला तो स्वतःच्या ठसक्यात, आणि पुस्तकावर नाव घालून. प्रदर्शनात स्वस्तात मिळणाऱ्या दहा पुस्तकांच्या संचावर मूळ लेखकाचं नाव मोठं असतं, पण कात्री कुणी चालवली ते शोधून सापडत नाही. निदान एवढं तरी छापा की पुस्तक कुणी छोटं केलं आणि काय गाळलं.

मी हल्ली दुकानात उभ्या उभ्या आधी झुरी शोधते. झुरी शाबूत असलेली मराठी बालआवृत्ती कुणाच्या पाहण्यात असेल तर कमेंटमध्ये प्रकाशकाचं नाव टाका. भाचीच्या वाढदिवसाला द्यायची आहे.