‘मरणाची सहानुभूती’ आणि उतरवलेली पट्टी : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

गायकांच्या उतारवयातल्या अल्बमांवरच्या माझ्या लेखाबद्दल तुम्ही सविस्तर लिहिलंत, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: उतारवयातल्या अल्बमचं कौतुक हे खरं तर गायकाच्या आजारपणाचं कौतुक असतं, आवाज संपलेला असतो आणि आपण त्याला ‘आशय’ म्हणतो, जे काही चांगलं असतं ते निर्मात्याचं. शिवाय फसलेल्या अल्बमांबद्दल मी लेखात अवाक्षर काढलं नाही. हा शेवटचा आक्षेप मान्य. आणि पहिल्या आक्षेपाच्या ओघात तुम्ही माझी एक ठोस चूक पकडलीत, तिचं आधी बघू.

बॉब डिलनचा ‘टाइम आउट ऑफ माइंड’ हा ‘मृत्यूच्या दारातून परतल्यावर केलेला’ अल्बम, असं मी लिहून बसलो होतो. तारखा बघा. रेकॉर्डिंग मायामीत जानेवारी १९९७ मध्ये झालं. हृदयाच्या आवरणाला सूज येऊन डिलन रुग्णालयात गेला तो मे महिन्यात. अल्बम बाजारात आला सप्टेंबर संपता संपता. म्हणजे गाणी आधीची आणि आजार नंतरचा. ऐकणाऱ्यांनी तो गाण्यांत मागच्या दाराने घुसवला, आणि त्या घोळक्यात मीही होतो. वाक्य दुरुस्त केलं आहे.

पण तारखा तुमच्याही विरोधात जातात. ब्रिटिश रॉकगायक डेव्हिड बोवीचा ‘ब्लॅकस्टार’ ८ जानेवारी २०१६ ला, त्याच्या ६९ व्या वाढदिवशी आला आणि १० जानेवारीला तो गेला. आजार जाहीर झालेला नव्हता. अल्बमची वाखाणणी करणारी कितीतरी परीक्षणं त्या दोन दिवसांत आणि त्याच्याही आधी छापून आली होती. त्या परीक्षकांनी सहानुभूती कशाबद्दल दाखवली असेल? त्यांनी ऐकलं ते एवढंच: न्यूयॉर्कमधल्या डॉनी मॅककॅस्लिनच्या जॅझ चमूला हाताशी धरून केलेली सात गाणी, आणि शीर्षकगीतात दोन वेगळ्या तुकड्यांचा सांधा. कॅनडाचा कवी-गायक लेनर्ड कोहेन याच्या बाबतीत तुमचा मुद्दा जास्त टिकतो. तो थकल्याचं सगळ्यांना माहीत होतं, आणि त्याचा ‘यू वॉन्ट इट डार्कर’ हा अल्बम येऊन तीन आठवडे होत नाहीत तोच, ७ नोव्हेंबर २०१६ ला, तो गेला.

आता ‘आवाज संपला’ या विधानाकडे वळतो, कारण खरा मतभेद इथे आहे. वयानुसार आवाज ‘संपत’ नाही, त्याची मापं बदलतात. स्वरयंत्राच्या कूर्चा कडक होतात. पुरुषांचे स्वरतंतू पातळ पडतात, त्यामुळे आवाजात हवा मिसळते. बायकांचे स्वरतंतू पाळी थांबल्यानंतर जाड होतात, त्यामुळे आवाज खाली उतरतो. दमसास कमी होतो. स्वरावरचा कंप तरुणपणी सेकंदाला साधारण पाच ते सात हेलकाव्यांचा असतो. तो मंद आणि रुंद झाला की आपण म्हणतो सूर ढळतोय. सूर प्रत्यक्षात जागेवरच असू शकतो, फक्त त्याच्या दोन्ही बाजूंची हालचाल कानाला सुटी सुटी ऐकू येऊ लागते. आणि हे सगळ्यात जास्त उघडं पडतं ते लांब धरलेल्या स्वरावर.

म्हणून उतारवयातल्या चांगल्या अल्बममध्ये पहिला निर्णय असतो तो लांब स्वराचं काय करायचं याचा. जॅझगायिका बिली हॉलिडेचा ‘लेडी इन सॅटिन’ घ्या. रेकॉर्डिंग फेब्रुवारी १९५८, वाद्यवृंद रे एलिसचा. (ती तेव्हा जेमतेम ४२ वर्षांची होती. कारकिर्दीचा उतार आणि वयाचा उतार या वेगळ्या गोष्टी आहेत, त्यामुळे ‘चाळिशीतली बाई म्हातारी कशी’ हा तुमचा टोमणा सोडून देतो.) ती ओळीचा शेवटचा स्वर लवकर सोडते आणि व्हायोलिन्स तो पुढे नेतात. ज्या गोडगोड तंतुवाद्यांना तुम्ही ‘साखरेचा पाक’ म्हटलंत, ती तिथे तिच्या दमाची उसनवारी फेडताहेत. ती वाद्यं काढून फक्त पियानो ठेवला तर प्रत्येक ओळीनंतर खड्डा पडेल.

कोहेनने ‘यू वॉन्ट इट डार्कर’मध्ये हेच दुसऱ्या रीतीने केलं. त्याच्या आवाजात तोवर खर्जाशिवाय फारसं काही उरलं नव्हतं, म्हणून तो जवळजवळ बोलतो, आणि शीर्षकगीताचा वरचा मजला माँट्रियलच्या शार हाशोमायिम या सिनेगॉगच्या (ज्यू प्रार्थनास्थळाच्या) गायकवृंदाकडे सोपवतो. मुलगा ॲडम निर्माता होता आणि रेकॉर्डिंग घरीच, कोहेनला खुर्चीत बसवून झालं. माइक तोंडाच्या अगदी जवळ आणला की एका दिशेने ऐकणारे बहुतेक माइक खालच्या कंपनसंख्या फुगवतात. खर्जाला त्याने वजन येतं आणि जोर लावावा लागत नाही. तोटा असा की ओठांची चटचट आणि श्वासही तितकेच मोठे होतात, आणि वरून कॉम्प्रेसर (हलक्या-मोठ्या आवाजातला फरक कमी करणारं यंत्र) जास्त दाबला तर श्वास शब्दांच्या बरोबरीला येऊन बसतो. बरेच ‘जवळिकीचे’ अल्बम इथेच मरतात. गायक कानात गातोय असं वाटण्याऐवजी दमेकऱ्याच्या शेजारी झोपल्यासारखं वाटतं.

दुसरा निर्णय पट्टीचा. पट्टी उतरवणं म्हणजे शरणागती, असा तुमचा सूर दिसला. प्रत्यक्षात ते नवं काम अंगावर घेणं आहे. काळी तीनचं गाणं पांढरी दोनला आणलं की चार अर्धस्वर खाली येतं. गिटारच्या मोकळ्या तारांवर बसवलेले मूळ आकार बदलतात, डाव्या हाताचे पियानोचे स्वरसमूह खाली सरकून चिखल होतात, आणि बास इतका खाली जातो की छोट्या स्पीकरवर गायबच. त्यामुळे मांडणी नव्याने लिहावी लागते. गायिका-गीतकार जोनी मिचेलने ‘बोथ साइड्स, नाऊ’ १९६९ मध्ये एकट्या गिटारवर साडेचार मिनिटांत गायलं. २००० सालचं तिचंच गाणं व्हिन्स मेंडोझाच्या मोठ्या वाद्यवृंदासह पावणेसहा मिनिटांचं आहे. ती वाढीव वेळ ओळींच्या मधल्या श्वासात आणि वाद्यांनी धरलेल्या जागांत गेली आहे. मांडणीसाठी मेंडोझाला ग्रॅमी मिळालं, ते उगाच नाही.

लयीबाबत मात्र एक सावधगिरी. ‘म्हातारपणी सगळे संथ होतात’ याला पुरावा म्हणून तुम्ही पियानोवादक ग्लेन गूल्डने केलेल्या, बाखच्या ‘गोल्डबर्ग व्हेरिएशन्स’च्या (एक मूळ चाल, म्हणजे आरिया, आणि तिची तीस रूपं) दोन रेकॉर्डिंगांचे आकडे दिलेत: १९५५ चं सुमारे ३८ मिनिटांचं, १९८१ चं ५१. आकडे बरोबर, निष्कर्ष अर्धाच. पहिल्यात त्याने एकही पुनरावृत्ती वाजवली नव्हती. दुसऱ्यात बऱ्याच व्हेरिएशन्सचा पहिला भाग दोनदा वाजवला. फरकातली काही मिनिटं तिथूनच येतात. लय मोजायची तर सुरुवातीची आरिया घ्या, तिच्यात दोन्ही वेळा पुनरावृत्ती नाही: एक मिनिट त्रेपन्न सेकंद आणि तीन मिनिटं पाच सेकंद. हा फरक खरा आहे, पण पुढच्या सगळ्या तुकड्यांना लागू नाही, कारण १९८१ मध्ये तो एकाच मूळ ठोक्याच्या पटी-अपूर्णांकांत लयी बांधत होता आणि काही तुकडे चांगलेच धावतात.

निर्मात्याचा मुद्दा. १९८६ मध्ये कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीने अमेरिकन कंट्री-गायक जॉनी कॅशला सोडलं. पुढची काही वर्षं तो दुसऱ्या कंपनीकडे रीतसर साथसंगतीसह अल्बम करत राहिला आणि फारसं कोणी वळून पाहिलं नाही. १९९४ च्या ‘अमेरिकन रेकॉर्डिंग्ज’ या अल्बममध्ये (याच नावाच्या मालिकेतला हा पहिला) निर्माता रिक रुबिनने काय घातलं? काहीच नाही. गिटार आणि आवाज, एवढंच ठेवलं. वजाबाकी हेही निर्मात्याचं काम आहे हे कबूल, पण उरलेली बाकी कॅशची होती. ‘ब्वेना व्हिस्टा सोशल क्लब’ या क्युबन वादकांच्या अल्बमचं सगळं श्रेय त्याचा अमेरिकन निर्माता राय कूडरला देताना आपण हुआन दे मार्कोस गोन्सालेसला विसरतो, हवानातले ते जुने वादक गोळा केले त्याने. मार्च १९९६ मध्ये, रेकॉर्डिंगच्या वेळी, त्यांच्यातला कॉम्पाय सेगुंदो ८८ वर्षांचा होता आणि अल्बममधलं पहिलंच गाणं त्याने स्वतः रचलेलं आहे.

आता फसलेल्यांबद्दल, जे मी टाळलं होतं. कॅशचाच २००२ चा, ‘अमेरिकन’ मालिकेतला चौथा अल्बम बघा. त्यातल्या ‘हर्ट’ या गाण्यात ओळी तोकड्या आहेत, आवाजाला चढावं लागत नाही, चढण्याचं काम एकच स्वर ठोकत राहणारा पियानो करतो. त्याच अल्बममधलं ‘ब्रिज ओव्हर ट्रबल्ड वॉटर’ ही लांब, चढत जाणारी चाल आहे. गायिका फिओना ॲपल सोबतीला असूनही ती कॅशच्या दमात बसत नाही. गायक तोच, निर्माता तोच, आजार तोच. सहानुभूतीच कामाला येत असती तर दोन्ही सारखीच भिडायला हवी होती. मरणोत्तर अल्बम मी मुळात धरतच नाही. कॅशच्या त्या मालिकेच्या पाचव्या भागात आवाज त्याचा आहे, पण वाद्यं २००५ मध्ये, त्याच्या पश्चात चढवली गेली. नको म्हणायला तो नव्हता.

पटत नसेल तर हे करून बघा. एकाच गायकाचं एकच गाणं, तरुणपणीचं आणि नंतरचं, हेडफोनवर लागोपाठ ऐका. आधी दोन्हींचा आवाज कानाने सारखा करून घ्या. जे मोठं वाजतं ते चांगलं वाटतं, आणि नवी रेकॉर्डिंग्ज हमखास मोठी असतात. शब्द कागदावर घ्या, श्वासाच्या जागी रेघ मारा, सर्वात वरच्या स्वराभोवती गोल करा. नंतरच्या गाण्यात रेघा वाक्याच्या अर्थाशी जुळताहेत की शब्दाच्या मध्येच पडताहेत? गोल केलेला स्वर गायकाने घेतला, टाळला, की वाद्याला दिला? मिचेलच्या जोडीपासून सुरुवात करा. आणि ज्या अल्बममध्ये रेघा शब्द तोडताना दिसतील, त्याचं नाव मिनिट-सेकंदासह इथे टाका. फसलेल्यांची यादी मला तशीही लेखात जोडायचीच आहे.