‘तिसऱ्या दिवशी विगो बदलाच’ या मेसेजला उत्तर

विगो म्हणजे सलाईन देण्यासाठी हाताच्या शिरेत लावतात ती बारीक नळी. गेल्या दोन आठवड्यांत हा मेसेज मला चार जणांनी पाठवला. रामबाग, लोकमान्यनगर, सुदामानगर, इंदूरच्या आपल्या मराठी घरांतल्या जवळजवळ सगळ्या ग्रुपवर तो फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: ‘हातातली सलाईनची सुई दर तिसऱ्या दिवशी बदलून घ्या, नाहीतर रक्तात विष पसरतं. सुई असेपर्यंत हात अजिबात हलवू नका, शीर फाटते. सलाईन अडलं तर सिस्टरला जोरात पिचकारी मारायला सांगा. नळीतून हवेचा एक बुडबुडा गेला तरी हृदय बंद पडतं.’

मी नर्सिंगच्या मुलींना शिकवते, त्याआधी बरीच वर्षं वॉर्डात काढली. असले मेसेज वाचून नातेवाईक काय काय करायला लावतात ते मला रोज पेशंटच्या उशाशी दिसतं. पहिलं वाक्य शेवटी घेते, कारण सगळ्यात जास्त त्रास त्याच्यामुळे होतो.

हात हलवला की शीर फाटते म्हणे. अहो, आत सुई राहतच नाही. विगो म्हणा, इंट्राकॅथ म्हणा, कॅन्युला म्हणा, शिरेत शिरताना सुई असते. रक्त दिसलं की नळी पुढे सरकवतात आणि सुई बाहेर काढून टाकतात. शिरेत उरते ती फक्त मऊ प्लॅस्टिकची नळी. चहाचा कप धरा, कूस बदला, काही होत नाही. मनगटावर किंवा कोपराच्या घडीत लावली असेल तर मात्र वाकवल्याने नळी दुमडते आणि शीर दुखावते. म्हणूनच मुलींना सांगते की जमेल तिथे मनगट आणि कोपर यांच्या मधली सरळ जागा शोधा.

हवेच्या बुडबुड्याची भीती घराघरात आहे. हाताच्या नळीतून गेलेले बारीकसे बुडबुडे फुप्फुसापर्यंत जातात आणि तिथे जिरतात. जिवाला धोका असतो तो एकदम पुष्कळ हवा गेली तर, आणि ती काळजी विशेषकरून मानेतल्या मोठ्या नळीची, म्हणजे सेंट्रल लाइनची. बाटली संपून नळीत रक्त उलटं आलेलं दिसलं तर घाबरू नका, सिस्टरला हाक मारा.

जोरात पिचकारी? कृपा करून हे कधीही सांगू नका. सलाईन अडतं तेव्हा आधी नळी कुठे दुमडलीय का, नळीची चिमटी (क्लॅम्प) बंद राहिलीय का, हात वाकलाय का ते बघायचं असतं. तसं काही नसेल तर टोकाशी रक्ताची गुठळी असू शकते किंवा शीरच सुजलेली असते. जोर लावला की गुठळी आत ढकलली जाते, नाहीतर शीर फुटून औषध मांसात उतरतं. कॅल्शियम किंवा कॅन्सरची काही औषधं अशी बाहेर पडली तर कातडी अक्षरशः जळते. लहान सिरिंजने तितक्याच जोरात जास्त दाब पडतो, म्हणून मुलींच्या हातात आम्ही १० मिलीची सिरिंज देतो. हलक्या हाताने सलाईन गेलं नाही तर विगो काढायचा.

आता तिसरा दिवस. हे कुणी हवेतून काढलेलं नाही. ७२ ते ९६ तासांनी विगो बदलायचा, हा बऱ्याच हॉस्पिटलांचा नियमच होता, आम्हीही तेच शिकलो. मग ऑस्ट्रेलियातल्या क्लेअर रिकार्ड या नर्स-संशोधिकेने क्वीन्सलँडच्या तीन हॉस्पिटलांत ३,२८३ मोठ्या माणसांवर तपासून पाहिलं. अर्ध्यांचा विगो तिसऱ्या दिवशी बदलला, उरलेल्यांचा गरज पडली तेव्हाच. २०१२ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निकाल आला: शीर सुजण्याचं प्रमाण दोन्हीकडे सारखंच, शंभरात सात.

पण एवढंच सांगून थांबले तर मीही अर्धंच सांगितल्यासारखं होईल. जिनिव्हाच्या विद्यापीठ हॉस्पिटलाने ९६ तासांचा नियम सोडून ‘गरजेप्रमाणे’ सुरू केलं आणि रक्तातल्या जंतुसंसर्गाचे रुग्ण वाढले. मुळात ते फारच थोडे होते, तरी वाढले, आणि त्यांनी जुना नियम परत आणला. २०२१ साली त्यांनी ते छापलं. माझ्या मते या दोन्हींचा अर्थ एकच: विगो जास्त दिवस ठेवायचा तर कुणीतरी तो ड्यूटीच्या दर पाळीला बघायला हवा. तसं बघणारं कुणी नसेल तर तारखेचा नियम पाळलेला बरा.

आणखी एक. अपघातात, धावपळीत हात नीट न धुता लावलेला विगो तिसऱ्या दिवसापर्यंतही ठेवू नये. तो ४८ तासांच्या आत बदलायचा. उलट लहान मुलांना तारीख बघून पुन्हा टोचू नये, असं अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेच्या २०११च्या सूचना सांगतात.

न्यूमोनियाने ॲडमिट असलेल्या एका काकूंचं सांगते. वय चौऱ्याहत्तर, शिरा धाग्यासारख्या. तिसऱ्या दिवशी विगो छान चालू होता, लाली नाही, दुखणं नाही. पुतण्या मोबाइल पुढे करून म्हणाला, “सिस्टर, आज बदलायलाच पाहिजे.” ड्यूटीवरच्या मुलीला नाही म्हणता आलं नाही. चार ठिकाणी टोचलं, चौथा कसाबसा मनगटाजवळ बसला आणि संध्याकाळपर्यंत हात सुजला. काकू एवढंच म्हणाल्या, “पहिला बरा होता गं.”

त्याच खोलीत पलीकडच्या पलंगावर एक तरुण मुलगा होता. त्याच्या विगोचा दुसराच दिवस, वर जाड पांढरी पट्टी, त्यामुळे आतलं काही दिसत नव्हतं. माझ्या विद्यार्थिनीने पट्टीच्या वरच्या बाजूला दोन बोटांनी दाबून पाहिलं. “मॅडम, दोरीसारखं टणक लागतंय.” मुलगा म्हणाला, “रात्रीपासून ठणकतंय, पण म्हटलं उद्या बदलणारच आहेत.” पट्टी उचलली तर शिरेवर बोटभर लाल रेघ. विगो तिथल्या तिथे काढला आणि दुसऱ्या हाताला नवा लावला.