हाडातली ती भोकं ड्रिलची नव्हेत

निपाणीपासून गोकाकपर्यंतच्या ग्रुपांवर सध्या एक फॉरवर्ड फिरतोय, मराठीत आणि कन्नडमध्येही. घटप्रभेकाठच्या दगड झालेल्या हाडाचा सूक्ष्मदर्शकातला फोटो, त्यात बारीक बोगदे. खाली तीन दावे: एवढी बारीक भोकं यंत्राशिवाय पडत नाहीत, म्हणजे सुश्रुताच्या काळी हाडात औषध भरायला ड्रिल होतं; दगडाला कीड लागत नाही, म्हणजे ती भोकं जीवजंतूंची नव्हेत; आणि भोकं जितकी जास्त, तितकं हाड जुनं.

घटप्रभेच्या खोऱ्यात जीवाश्म सापडतात, हे खरं. गोकाकजवळच्या चिकदौलीला भूगर्भशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्रूस फूटला गेंड्याची हाडं मिळाली होती. त्यांचं वर्णन त्याने १८७४ मध्ये प्रसिद्ध केलं. फॉरवर्डमधले निष्कर्ष मात्र सगळे घसरलेत.

आधी ड्रिल. यातले बरेच बोगदे काही मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे काही हजारावे भाग, एवढेच रुंद असतात, केसाहून बारीक. व्हिएन्नाच्या कार्ल वेडल या शास्त्रज्ञाने १८६४ मध्येच दात आणि हाडांत असे फाटे फुटलेले बोगदे पाहिले आणि ते बुरशीचं काम मानलं. १९८१ मध्ये हॅकेट या संशोधकाने उकरून काढलेल्या मानवी हाडांतल्या बोगद्यांचे चार प्रकार सांगितले. एक वेडलचा, बाकीचे तीन जिवाणूंचे. जिवाणूंना हवं असतं हाडातलं कोलॅजन नावाचं प्रथिन. त्यासाठी ते खनिज विरघळवतात आणि विरघळलेलं खनिज बोगद्याच्या कडेला पुन्हा साचतं. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात ही कड आजूबाजूच्या हाडापेक्षा उजळ दिसते. शिवाय हाड ज्या बारीक नळकांड्यांचं बनलेलं असतं, त्यांच्या सीमेवर जिवाणूंचे बोगदे बहुधा अडतात, तर बुरशीचे वाट्टेल तसे भरकटत जातात. कुठलं ड्रिल असं सीमा पाहून थांबतं? असे बोगदे डायनोसॉरच्या हाडांतही सापडलेत. त्यांना औषध कोणी दिलं, हे फॉरवर्डवाल्यानेच सांगावं. सुश्रुतसंहितेत १०१ यंत्रं आणि २० शस्त्रं सांगितली आहेत. ती सगळी हातात धरायची. त्या माणसाचा मोठेपणा सांगायला एवढं पुरे, नको ते श्रेय त्याच्या माथी कशाला?

दगडाला कीड लागत नाही, हे बरोबर. पण बोगदे पडले तेव्हा तो दगड नव्हता, हाड होतं. खनिजं नंतर भरली, कधी त्या बोगद्यांतही.

जास्त भोकं म्हणजे जास्त जुनं, हा दावा पटतो लगेच, म्हणूनच जास्त घातक. जिवाणूंचं हे काम बरंचसं मृत्यूनंतर लवकरच होतं, कधी काही महिन्यांतच सुरू होतं, आणि खायचं संपलं किंवा माती-पाण्याची परिस्थिती बदलली की थांबतं. प्रेत लगेच पुरलं की उघड्यावर पडलं, पाणी किती, प्राणवायू किती, यावर भोकांचं प्रमाण ठरतं. चिखलात, जिथे प्राणवायूच पोचत नाही, तिथलं फार जुनं हाडही आतून बिनभोकाचं निघू शकतं. खानापूरकडच्या भरपावसाच्या, आम्लधर्मी लाल मातीत हाड भोकांसकट विरघळूनच जातं. गोकाक-अथणीकडच्या चुनखडयुक्त काळ्या मातीत ते टिकण्याची शक्यता जास्त. एकाच काळची दोन हाडं, दोन तालुक्यांत दोन तऱ्हा. वयासाठी हाड मातीच्या कुठल्या थरात होतं आणि सोबत काय वस्तू होत्या, हे बघावं लागतं, आणि या फॉरवर्डमध्ये हाड कुठल्या थरातलं, हे सोडाच, फोटोवर मोजपट्टीसुद्धा नाही.